कानामागचं जावळ

आधी जागा बघून घ्या. डाव्या हाताला लिपनित्सा नदी, पलीकडे धुरकट डोंगर. उजव्या हाताला खडक, आणि खडकावर मिल्तेन मालकांची गढी. दोन्हींच्या मधे दगडावर दगड रचून केलेला मेंढवाडा. वसंत सरत आलेला, ऊन तिरपं, आणि हवेत लोकरीचे तंतू इतके की बघणाऱ्याला शिंक यावी. अगदी मध्यभागी, जिथं आम्ही नायकाला उभं करायचो तिथं, एक बाई स्टुलावर बसलेली. तिच्या दोन गुडघ्यांत मेंढी उताणी, चारी पाय आभाळाकडे. बाईच्या हातात कातर.

बाई मेंढीला शिव्या देते आहे. आवाज चढवून नाही, आपण शेजारणीशी बोलतो तशा सुरात. "अगं भवाने, तुझ्या आईलाही मीच कातरलंय. ती निदान लाथा मारायची नाही. हे गुण बापाचे." मेंढी ऐकून घेते. कातर चालत राहते, लोकर एका अखंड पांघरुणासारखी खाली उतरते. शेवटी बाई दोन बोटं मेंढीच्या कानामागं फिरवते. तिथं नेहमी थोडं राहतं. ते काढते, मेंढीच्या ढुंगणावर एक चापट मारते आणि म्हणते, "जा. आता थंडी वाजली तर माझं नाव सांग."

ही गोयसावा.

मी उभं आयुष्य रंगमंचाच्या फळ्यांवर काढलं. मिल्तेन मालकांच्या पदरी सोंगाडे होते, त्यातला मी एक. दर हिवाळ्यात संत व्लाहोच्या उत्सवाला मालक आम्हाला समुद्रकाठच्या दुब्रोव्निक शहरी पाठवायचे. तिथल्या सरदारांपुढे मी अस्वल झालो, नवरी झालो, राजा तर इतक्यांदा झालो की लाकडी मुकुटानं कपाळावर वळ पडला, तो अजून आहे. टाळ्या पुष्कळ घेतल्या. पण मला जर कोणी विचारलं की तू पाहिलेल्यात मोठं माणूस कोण, तर मी या मेंढी कातरणाऱ्या बाईकडे बोट दाखवीन.

ती नदीपलीकडून लग्न होऊन आली. नवरा ओब्राद मिठाच्या तांड्याबरोबर समुद्राकडे जायचा. एका हिवाळ्यात घाटात बर्फ कोसळलं आणि तांड्यातली खेचरं तेवढी जिवंत वर आली. तेव्हा मुलगा रादोन्या तिच्या कडेवर होता. त्याचं जावळ अजून काढलेलं नव्हतं.

आमच्याकडे जावळ न्हावी काढत नाही, बापही काढत नाही. बाहेरचा कोणी काढतो, आणि ज्यानं काढलं तो त्या घराचा कूम होतो. कूम म्हणजे रक्ताच्या नात्याहून वरचं नातं. भाऊ भावाशी भांडतो, कोर्टकज्जे करतो, वेळ आली तर कुऱ्हाडही काढतो. कूम कुमावर लोखंड उचलत नाही. देवाचं आणि संत योहानाचं नाव घेऊन ते नातं जोडलेलं असतं, आणि ते मोडणाऱ्याबरोबर कोणी भाकर मोडत नाही.

ओब्राद असता तर त्यानं तांड्यातला एखादा मित्र निवडला असता. आता निवड गोयसावावर आली. मिल्तेन मालकांचा धाकटा भाऊ प्रिबिसाव त्या दिवसांत सारखा मेंढवाड्यापाशी रेंगाळायचा. गढीत त्याला कोणी विचारत नसे. थोरला मालक, धाकटा नुसताच धाकटा. तो येऊन गोयसावाकडून कातरायला शिकायचा आणि मेंढीला ओरखडे काढायचा. त्यानं होऊन विचारलं, मी होऊ का कूम? बाया पदराआड हसल्या. विधवेच्या पोराला गढीतला कूम! स्तोयना म्हणून तिची शेजारीण होती, ती म्हणाली, "अगं, त्याचा हात बघितलास का? पानासारखा थरथरतो."

"म्हणूनच," गोयसावा म्हणाली. "थरथरणारा हात जपून चालतो."

त्या दिवशी ढोल मी वाजवला. प्रिबिसावनं पोराच्या डोक्यावर क्रुसाच्या खुणेनं कातर चालवली, पुढं, मागं, मग दोन्ही बाजूंना. रादोन्यानं असा टाहो फोडला की कुत्री भुंकायला लागली. पडलेलं जावळ मधमाशीच्या मेणात दाबून त्याचा गोळा केला, तो आईच्या हाती दिला. प्रिबिसाव घामाघूम झाला होता. नीट निरखून पाहत तो ओशाळून म्हणाला, "कानामागं थोडं राहिलंय."

"राहू दे, कूम," गोयसावा म्हणाली. "परत यायला कारण नको का?"

सगळे हसले. भाकरमीठ झालं, मधाची दारू झाली. मी त्या रात्री अस्वलाचं सोंग फुकटात केलं.

ते कानामागचं जावळ कुणी काढलंच नाही. कुमाचा वाटा म्हणून राहिलं. रादोन्या वाढला तशी डाव्या कानामागची ती बट वाढली, पुढं तो तिची बारीक वेणी घालायला लागला. मोठा गमत्या पोरगा. कोकराचा आवाज असा काढायचा की मेंढ्या कळप सोडून त्याच्याकडे धावायच्या. एका हिवाळ्यात मी त्याला ढोल वाजवायला दुब्रोव्निकला घेऊन गेलो. परत आणला तेव्हा आईनं त्याला नखशिखांत पाहिलं आणि मला म्हणाली, "द्राझेतादादा, तुमच्यात एक सोंगाड्या कमी होता का? माझ्याकडं एकच माणूस आहे." मी पुन्हा नेलं नाही.

प्रिबिसाव काही वर्षं दर कातरणीला आला. मग त्याला नदीपलीकडची जमीन मिळाली, लग्न झालं, येणं विरळ होत होत थांबलं. रादोन्याला मिसरूड फुटली तोवर कुमानं त्याला कित्येक वर्षांत बघितलेलं नव्हतं. पण येणं थांबलं म्हणून कूम थांबत नाही.

मग मिल्तेन मालक वारले.

पहिली बायको त्यांनी माहेरी धाडली होती. बायको 'बरी नाही' असं साक्षीदारांपुढं म्हणून तिला पाठवून देता येतं आमच्याकडे. ती गेली, आणि माहेरी तिला मुलगा झाला, ह्रेल्या. दुसऱ्या बायकोला मूलबाळ झालंच नाही. आता ह्रेल्या म्हणाला, मी मालकांचा मुलगा, गढी माझी. प्रिबिसाव म्हणाला, उंबऱ्याबाहेर जन्मला तो घरचा नव्हे, मी भाऊ, गढी माझी. चक्कीवर, विहिरीवर, चर्चच्या पायरीवर दुसरा विषय उरला नाही. बी आतलं की बाहेरचं, यावर म्हातारे एकमेकांच्या दाढ्या धरायला निघाले. गोयसावाला कोणीतरी विचारलं, तुझं काय मत? ती म्हणाली, "मला मेंढ्या मोजायच्यात. गढीत कोणी का बसेना, लोकरीतला वाटा तर दोघंही मागणार."

माणसं आपल्याकडे वळवायची कशी? ह्रेल्याच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, आणि ती वाईट होती असं त्या वेळी कोणालाच वाटलं नाही. त्यानं चांदीची कातर करून घेतली आणि घोड्यावर बसून घरोघर निघाला. ज्या घरात जावळाचं मूल, तिथं उतरायचं, जावळ काढायचं, कूम व्हायचं. कूम झालेलं घर उलटणार कसं? नदीच्या अलीकडची सगळी घरं त्यानं अशी बांधून घेतली. हे कळलं तसा प्रिबिसावही पलीकडे निघाला. त्या वसंतात खोऱ्यात एकही केसाळ मूल उरलं नाही. पाळण्यातली तान्ही सुटली नाहीत. काहींनी तर आधी जावळ झालेल्या पोरांना पुन्हा पुढं केलं, एकाच घराचे दोन दोन कूम झाले. बहीण अलीकडं दिलेली, भाऊ पलीकडं राहणारा, त्यामुळे कोणाचा कूम कोणाच्या बाजूला याचा गुंता मेंढीच्या शेपटीतल्या काट्यांसारखा झाला.

"आम्ही वर्षातून एकदा कातरतो," गोयसावा म्हणाली, "आणि कोकरांना पहिलं वर्ष सोडतो. यांना तेवढाही धीर नाही."

स्तोयना म्हणाली, असं बोलू नये, आमच्या नातवाचं जावळ ह्रेल्या मालकांनी काढलं, किती मायेनं काढलं. गोयसावानं विचारलं, "पोराचं नाव विचारलं का गं त्यांनी?" स्तोयना पदर सावरायला लागली.

कातरणी संपली आणि माणसं गोळा करायला ह्रेल्याचा कारभारी बात्रिच आला. बात्रिच गुळगुळीत माणूस. घरटी एक पुरुष, असं फर्मान. मी तेव्हा मेंढवाड्याच्या भिंतीवर बसून ढोलाचं कातडं ताणत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

गोयसावानं सांगितलं, माझा मुलगा जाणार नाही. भ्याला म्हणून नव्हे. त्याचं जावळ प्रिबिसावनं काढलंय. तो त्यांच्यावर लोखंड उचलू शकत नाही.

बात्रिच हसला. "काकू, आता या खोऱ्यात कोण कोणाचा कूम नाही?"

"तेव्हा चांदीची कातर नव्हती," ती म्हणाली. "मेंढीची होती. ते जावळ खरं आहे. आणि खरं नसेल, तर तुमच्या मालकांनी काढलेली सगळी जावळं खोटी. जा, तसं गावाला सांगा."

बात्रिचचं हसू तिथंच वाळलं. तो तसं सांगू शकत नव्हता. ह्रेल्याकडं जी माणसं होती ती त्या नात्यावरच उभी होती. तो गढीवर जाऊन आला आणि तोडगा घेऊन आला. म्हणाला, मालकांना रीत मान्य आहे. रादोन्यानं लोखंड उचलू नये. त्यानं निशाण उचलावं. निशाणाची काठी लाकडाची, वर कापड. त्यानं कोणाचा कूम दुखावत नाही.

गोयसावानं विचार केला. रणांगण तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला काठी आणि कापड एवढंच दिसलं, मिरवणुकीत असतं तसं. तिला वाटलं, पोरगा सुटला. मी भिंतीवरून खाली उतरलो, तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की बाई, सगळे निशाणावरच धावून जातात. तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "जाऊ देत ना," ती म्हणाली. "तिथं सगळ्यात आधी कूमच येईल मग. तो मालक आहे, तोच पुढं असणार. पोराला ओळखेल आणि बाजूला काढील. दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्यापेक्षा ते बरं नाही का?"

मी परत भिंतीवर जाऊन बसलो. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

एवढ्यावर ती थांबली नाही. निशाणाच्या टोकाला लोखंडी पातं होतं, ते तिनं काढून घ्यायला लावलं. लोखंड ते लोखंड, म्हणाली. लोहारानं कुरकुरत काढलं. आणि बात्रिचनं दिलेली लोखंडी टोपी तिनं परत केली. डोकं झाकलं तर कूम ओळखणार कसा? तिनं स्वतः रादोन्याचे केस मागं घेतले, ती कानामागची वेणी नीट पुढं काढून खांद्यावर सोडली, सगळ्यांना दिसावी अशी. रादोन्या हसत होता. "आई, मला नवरीसारखं नटवून काय पाठवतेस?"

"हलू नकोस," ती म्हणाली. "मेंढी तुझ्यापेक्षा बरी."

लढाई ब्रेझाच्या माळावर झाली. आम्हा सोंगाड्यांना ढोल-शिंगं देऊन चढावर उभं केलं होतं, तिथून माळ परातीसारखा पसरलेला दिसायचा. मी पडदे, मुखवटे, रंग यांत वाढलेला माणूस, वाईट सोंग मला लांबून कळतं. हे वाईट होतं. दोघं एकाच घराण्याचे, तेव्हा दोघांचं निशाण एकच, पांढऱ्यावर काळं लांडग्याचं तोंड. लढाईची आरोळीही एकच. आपली माणसं ओळखू यावीत म्हणून ह्रेल्याच्या लोकांनी टोपीत हिरवी डहाळी खोवली होती, प्रिबिसावच्या लोकांनी गवताची काडी. ऊन वाढलं तशा डहाळ्या सुकल्या आणि सगळे गवतवाले झाले.

धूळ उठली. आणि मग ती हाक सुरू झाली.

आधी एक ऐकू आली, मग दहा, मग सगळीकडून. "कूम! कूम!" पडलेला माणूस वर आलेल्या कुऱ्हाडीकडं बघून ओरडायचा, कूम. कुऱ्हाडवालाही मागून कोणी येतंय का हे बघत ओरडायचा, कूम. काहींचं खरं होतं. काहींनी आयुष्यात त्या माणसाला पाहिलेलं नव्हतं. पावसानंतर डबक्यातून बेडूक ओरडतात तसा तो आवाज माळावरून वर आला. सुरुवातीला काही हात थांबले. मी स्वतः पाहिलं, थांबले. ज्यांचे थांबले ते बहुतेक मेले. मग कोणाचेच थांबेनात. फळ्यांवर एकच शब्द सारखा म्हटला की तो कसा पोकळ होतो हे मला ठाऊक होतं. तिथं निदान लोक हसतात.

निशाण बराच वेळ उभं होतं. आजूबाजूची माणसं पातळ झाली तरी उभं होतं. मला रादोन्याचं उघडं डोकं दिसत होतं. मग पलीकडून घोडेस्वारांची एक फळी आली, पुढं प्रिबिसाव. गोयसावा म्हणाली होती तसंच, सगळ्यात आधी तोच आला. रादोन्यानं काठी खाली केली नाही, उगारलीही नाही. त्यानं एक हात वर केला. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. बाकी धूळ.

धूळ बसली तेव्हा निशाण आडवं होतं. ह्रेल्या घोड्याखाली सापडून मेला असं कोणीतरी ओरडलं, आणि ते संपलं. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तोच उरला नाही.

बाया माळावर गेल्या. गोयसावा एकेक माणूस बघत पुढं सरकत होती. मी तिच्या मागं पाण्याची घागर घेऊन होतो. निशाणापाशी जो पडला होता त्याला चेहरा राहिलेला नव्हता. डोक्यावर टोपी असती तर कदाचित राहिला असता, हे मी तेव्हा बोललो नाही आणि तिला बोलायची गरज नव्हती. ती गुडघ्यावर बसली. दोन बोटं त्याच्या डाव्या कानामागं घातली, मेंढी तपासते तशी. वेणी होती.

ती रडली नाही. घागर मागितली.

जिंकलेल्यांनी पकडलेली पोरं तिच्याच मेंढवाड्यात कोंडली. गावात तेवढी पक्की भिंत दुसरीकडं नव्हती. नदीच्या मुखाकडून माणसं विकत घेणारे व्यापारी दोर घेऊन येऊन बसले. त्या पोरांत स्तोयनाचा मुलगा होता.

बात्रिचच्या टोपीत संध्याकाळपर्यंत गवताची काडी आली होती. निशाण कोणाच्या हातात होतं हे प्रिबिसावला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना आणखी चारजण ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गढीखालच्या दगडी बैठकीवर नव्या मालकाला बसवायचं होतं. मालक भाकर मोडतो, खोऱ्यातले म्हातारे त्यातला घास घेतात, की झाला मालक. प्रिबिसावनं भाकर मोडली. म्हातारे बसून राहिले. एकही हात पुढं आला नाही. कोणी उठूनही गेलं नाही. मी मोठमोठ्या सभांपुढं उभा राहिलोय, पण एवढी शांतता मला कधी मिळाली नाही. भाकरीवर माश्या बसल्या.

मग सगळ्यांत वयस्क म्हातारा सावकाश म्हणाला, मेलेल्याची आई माफ करील तर घास घेऊ.

तिला आणायला बात्रिच आला. ती लोकर पिंजत बसली होती. तिनं हातातला पेळू पुरा केला, मग कनवटीला काहीतरी खोचलं आणि निघाली. मी बरोबर गेलो.

प्रिबिसाव बोडका उभा होता. तिला बघून त्याचे हात थरथरायला लागले, पूर्वीसारखे.

"मालक," ती म्हणाली.

"तू मला कूम म्हणायचीस."

तिनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "त्यानं तुम्हाला काय हाक मारली?"

"कूम."

"ऐकू आली?"

तो खोटं बोलू शकला असता. धूळ होती, गोंगाट होता, कोणी हरकत घेतली नसती. त्याच्या बाजूनं मला एवढंच सांगता येतं की तो खोटं बोलला नाही. "आली," तो म्हणाला. "पण तिथं सगळेच तसं ओरडत होते, गोयसावा. मी कोणाकोणासाठी हात थांबवणार होतो?"

तिनं मान हलवली. कोणी मेंढीचं वय सांगावं आणि ते पटावं तशी.

"माझ्या मेंढवाड्यात तुम्ही माणसं कोंडलीत," ती म्हणाली. "तो उघडा. मला मेंढ्या आत घ्यायच्यात."

बात्रिच काहीतरी बोलायला लागला, व्यापाऱ्यांबद्दल. प्रिबिसावनं त्याच्याकडं न बघता हात हलवला. खालून फाटकाचा आवाज आला, मग धावणाऱ्या पावलांचा. ती शेवटचं पाऊल वाजेपर्यंत थांबली. मग तिनं कनवटीचा, रादोन्याच्या जावळाचा मेणाचा गोळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "हे आता तुमच्याकडं ठेवा, मालक. माफ केलं." तिनं स्वतः भाकरीचा तुकडा उचलला, खाल्ला, आणि वळून चालायला लागली. मागं म्हातारे घास घेत होते. ती मेंढ्यांना हाक घालत उतारावरून खाली गेली.

मला वाटलं होतं, गाव तिला डोक्यावर घेईल. पहिले काही दिवस घेतलंही. ज्यांची पोरं परत आली त्यांनी कातड्यात मुरवलेलं चीज आणून दिलं, खारवलेलं मटण दिलं. पण ज्यांची परत आली नव्हती त्या बाया विहिरीवर म्हणायला लागल्या, पोराच्या मारेकऱ्याच्या हातची भाकर खाल्ली हिनं. आणि ज्यांची आली होती त्यांना ते खोडून काढताना लाज वाटायची, कारण तिच्याकडं बघितलं की आपल्या पोराची किंमत कोणी दिली ते आठवायचं. हळूहळू स्तोयनाही पाण्याला वेगळ्या वेळेला जायला लागली. गोयसावाला कळत होतं. एकदा मेंढीला कातरताना ती मेंढीलाच म्हणाली, "तू तरी नीट बघ माझ्याकडं. फाटक उघडलं की सगळी तोंड फिरवून पळतात."

त्या वर्षानंतर आमच्या खोऱ्यात कोणी जावळ काढायला माणूस बोलावला नाही. बाप घरातच कापायचे, गुपचूप, नखं काढावीत तसे. कूम हा शब्दच लोक टाळायला लागले.

प्रिबिसाव मालक म्हणून बरा होता, वाईट नव्हता. दर कातरणीला तो घोड्यावरून मेंढवाड्यापाशी यायचा आणि भिंतीबाहेर उभा राहायचा. ती मान वर करून म्हणायची, "मालक," आणि पुन्हा खाली घालायची. तो थोडा वेळ उभा राहून परत जायचा. आत या असं ती कधी म्हणाली नाही. जा असंही नाही.

तिचे हात वाकडे झाले, बोटं मिटेनात, कातर दुसऱ्यांकडं गेली. माझे गुडघे गेले आणि सोंगाडे माझ्याशिवाय दुब्रोव्निकला जायला लागले, तेव्हा मी मेंढवाड्याशेजारच्या खोपटात राहायला आलो. आम्ही दोघं उन्हात बसायचो. मी तिला जुनी सोंगं करून दाखवायचो, ती म्हणायची, अस्वल बरं होतं, राजा कधीच जमला नाही तुम्हाला. एका वसंतात ती अंथरुणावरून उठेना. खाणं सुटलं. दोन दिवस बोलणंही सुटल्यासारखं होतं.

प्रिबिसावला कोणी कळवलं ठाऊक नाही. भर दुपारी तो आला. या खेपेला भिंतीबाहेर थांबला नाही. दारात वाकून आत आला, टोपी काढली. त्याचे केस पांढरे आणि विरळ झाले होते, कोणा नोकरानं वेडेवाकडे कापलेले. तो तिच्या जुन्या स्टुलावर बसला. मी उठायला लागलो तर त्यानं खुणेनं बसवलं. त्यानं अंगरख्यातून मेणाचा गोळा काढला, हातात धरून धरून काळा पडलेला, आणि पांघरुणावर ठेवला.

तिनं डोळे उघडले. गोळा चाचपला, अंगठ्यानं दाबून पाहिला. मग प्रिबिसावकडं बघितलं. बाहेर कातरणी चालू होती, मेंढ्या ओरडत होत्या. तिनं तो वाकडा हात उचलला. त्यानं मान पुढं केली. तिनं दोन बोटं त्याच्या डाव्या कानामागं घातली आणि फिरवली. तिथं केस होते की नव्हते, मला माझ्या जागेवरून दिसलं नाही.

"कानामागं थोडं राहिलंय, कूम," ती म्हणाली. "राहू दे."